साहेबाच्या हाताला चीक नको

नक्कल करायची तर आधी माणूस नीट ऐकावा लागतो, हे मला शाळेतच कळलं. आमचे मुख्याध्यापक प्रार्थनेनंतर सूचना द्यायचे तेव्हा दर वाक्याआधी माईकवर दोनदा फुंकायचे. मी वर्गात वहीची पुंगळी करून दोनदा फुंकलं की अर्धी पोरं सावधानमध्ये उभी राहायची. तेव्हापासून भुसावळ स्टेशनवरची गाडी सांगणारी बाई, केळीचा भाव पाडून बोलणारा व्यापारी, मंगलाष्टकाच्या चौथ्या ओळीला दमणारे गुरुजी, सगळे माझ्या घशात बिनभाड्याचे राहतात. आज त्यांच्यावरच माझं पोट आहे. लग्नात निवेदन करतो, रिक्षावरच्या भोंग्यांसाठी आवाज भरून देतो. भुसावळात "साड्यांचा भव्य सेल, लवकर या ताई" असं जी बाई ओरडत फिरते, ती मी आहे.

घरात मात्र एका शब्दाची नक्कल करायला मायने मला बंदी घातली होती. तो शब्द म्हणजे साहेब. नाना, म्हणजे आमचा बाप, ज्या आवाजात तो शब्द म्हणायचे ना, जरा घसा साफ करून, जरा मान वाकवून, तो आवाज मला हुबेहूब यायचा. मी एकदाच काढला. मायने लाटणं दाखवलं.

साहेब म्हणजे माझा मोठा भाऊ. तो कुठला साहेब झालेला नव्हता. होणार होता.

हे कसं सुरू झालं ते मला आठवतं. भाऊ जळगावच्या कॉलेजातून पहिल्या वर्गात पास झाला आणि त्याने स्पर्धा परीक्षेचा क्लास लावायचं ठरवलं. जायच्या आदल्या दिवशी आमच्या वावरात केळीची कापणी चालू होती आणि तो नेहमीसारखा कोयता घेऊन उतरला. नानांनी त्याच्या हातातला कोयता काढून घेतला. रागाने नाही हां. लहान पोराच्या हातातून काचेचा ग्लास काढतात तसा, हळूच.

"साहेबाच्या हाताले चीक नको," म्हणाले.

केळीचा चीक ज्याला माहीत नाही त्याला सांगतो. दिसायला पाण्यासारखा. घड कापला की दांड्यातून टपटप गळतो. कपड्यावर पडला की आधी काही वाटत नाही, वाळला की तपकिरी होतो, मग काळा, आणि मग कपडा फाटेपर्यंत त्याच्यासोबत संसार करतो. साबण, सोडा, रॉकेल, कोणाच्या बापाला ऐकत नाही. आमच्या भागात म्हणून प्रत्येकाचे वावरातले कपडे वेगळे असतात. माझ्या बनियनवर सगळा खान्देश होता, तापी नदीसकट.

त्या दिवसानंतर भावाच्या कपड्यांची दोरीसुद्धा वेगळी झाली. माय त्याचे पांढरे शर्ट आमच्या कपड्यांसोबत भिजवत नसे. सुट्टीला आला की ओट्यावर खुर्ची. पंख्याचं तोंड त्याच्याकडे. मोटर चालू करायला उठला तरी नाना "राहू दे साहेब" म्हणून स्वतः जायचे. नानांचं बघून गल्ली म्हणायला लागली, गल्लीचं ऐकून गाव. किराणावाला, दूधवाला, शाळेतली पोरं, सगळे साहेब. आणि हे टोमणा मारायला नव्हे. खरंच मानाने. त्यांनी मनापासून त्याला आधीच साहेब करून टाकलं होतं, आता फक्त सरकारला कळवायचं बाकी होतं.

मला 'ए' म्हणायचे.

कसाबसा बी.ए. झाल्यावर मलाही जळगावला पाठवलं. "साहेबासंगे राह्यला तं वळण लागंल," नाना म्हणाले. आमची खोली एका गॅरेजच्या वर होती. खाली दिवसभर मोटारसायकली रडायच्या, वर आम्ही. अभ्यासिकेत प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाच्या कप्प्यात भिंतीकडे तोंड करून एक जण. पहिल्या दिवशी मला वाटलं, सगळ्यांना एकदम शिक्षा झालीय.

चहाच्या सुट्टीत मी क्लासच्या सरांची नक्कल करायचो. सरांना प्रत्येक प्रश्नात कट दिसायचा. "मुलांनो! आयोग तुम्हाला फसवायला बसलाय! वरीलपैकी सर्व, हे वाचून भाळू नका! ते प्रेमपत्र नाही!" टपरीवर पोरं चहा सांडेपर्यंत हसायची. भाऊ जरा लांब, हातात कप धरून उभा असायचा. तो हसायचा पण आवाज नाही. मग म्हणायचा, "चल, झाली दहा मिनिटं."

मी दोनदा परीक्षा दिली. माझा आणि कट-ऑफचा संबंध लांबून रामराम एवढाच राहिला. दुसऱ्या निकालानंतर घरी गेलो, म्हटलं नाना, मले नाई जमत. नाना म्हणाले, "मंग उद्या सकाळी वावरात ये." संपलं. मायने भाकरी वाढली. मला वाईटसुद्धा वाटलं नाही, भूकच एवढी लागली होती.

नापास होणं एवढं सोपं असतं हे भावाला कधी कळलंच नाही. त्याला तशी संधीच कोणी दिली नाही.

तो हुशार होता, हे मी भाऊ म्हणून म्हणत नाही. त्याच्या बाजूला बसणारे त्याला शंका विचारून विचारून लागले. कोणी तलाठी झाला, कोणी विक्रीकरात गेला, एक फौजदार झाला. भावाचं दर वेळी थोडक्यात जायचं. एकदा पूर्व परीक्षेत, एकदा मुख्यला. कोणी लागला की आमच्याकडे म्हणतात, पोस्ट निघाली. त्याची पोस्ट दर वर्षी निघायची आणि रस्त्यात दुसऱ्याच्या घरी उतरायची.

मग एकदा तो मुलाखतीपर्यंत पोचला. मुलाखतीचं बोलावणं म्हणजे निवड नाही, हे गावाला कोण सांगणार? बस स्टँडवर फ्लेक्स लागला. भावाचा कॉलेजातला फोटो, पाठीमागे उगवता सूर्य, लाल दिव्याची गाडी, खाली शुभेच्छुकांची अख्खी मतदार यादी. हार्दिक अभिनंदन! मी नानांना म्हटलं, अजून व्हायचं आहे, काढायला सांगा. नाना म्हणाले, "लोकाईनं प्रेमानं लावलं, कसं काढाले लावू?" खरं तर रोज सकाळी दूध घालायला जाताना ते त्या फ्लेक्सखाली उभे राहून तंबाखू मळायचे. मी पाहिलंय.

मुलाखतीत मार्क कमी पडले. भाऊ निकालानंतर घरी आला तो त्या फ्लेक्सखालीच उतरला, दुसरा स्टॉपच नव्हता गावाला. नंतर फ्लेक्स कोणीतरी काढून नेला आणि बकऱ्यांच्या गोठ्यावर टाकला. त्या गल्लीतून गेलं की छपरावर भावाचा चेहरा आणि आत बकऱ्या ओरडतायत. मी घरी येऊन सांगितलं की तुझ्या कॅबिनमध्ये बरीच गर्दी आहे. तो हसला.

त्यानंतर त्याने जळगाव सोडलं. जळगावला आमच्याकडची माणसं सारखी जातात, दवाखान्याला, कोर्टाला, बियाणं घ्यायला. स्टँडवर, भाजीबाजारात, कुठंही गाठायचे. "काय साहेब, मंग कधी?" बस एवढंच. कधी? त्या एका शब्दाला तो घाबरायला लागला होता. भाजी घ्यायला जाताना रुमाल बांधायचा तोंडाला. म्हणून धुळे. आमच्या गावचा माणूस धुळ्याला दोनच कारणांनी जातो, पोरगी दिली असेल तर, नाहीतर एसटीत झोप लागली तर. तिथं अहिराणी बोलतात, आमची बोली वेगळी. "तिथं मले कोणी ओळखत नाई," भाऊ म्हणाला, "अभ्यास होतो."

नाना शेजारच्यांना सांगायचे, साहेबाची धुळ्याला बदली झाली.

मग वय संपलं. हा आमच्या अभ्यासिकेतलाच शब्द आहे. फॉर्म भरायला वयाची अट असते, ती ओलांडली की म्हणतात याचं वय संपलं. माणूस चालता-बोलता असतो, डोक्यावर केस असतात निम्मे, फक्त वय संपलेलं असतं. भावाने शेवटचा फॉर्म भरला तेव्हा फक्त मला सांगितलं होतं की हा शेवटचा. घरी कोणाला अटच माहीत नव्हती. माय समजायची, अभ्यास म्हणजे देवाची पूजा, जोवर करायची तोवर करता येते.

शेवटचा निकाल लागला त्या दुपारी मी भुसावळात एका लग्नात होतो. माईकवर वरबापाचं कौतुक करत होतो. मोबाईलवर भावाचा मेसेज आला. नाही झालं, एवढाच. मी नवरा-नवरीला अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना तसंच सोडून धुळ्याची गाडी धरली. पैसे अजून दिले नाहीत त्यांनी, देऊही नयेत.

अभ्यासिकेच्या बाहेर चपलांचा ढीग. दारात एक पोरगं उभं होतं, मला ओळखत होतं. हळूच म्हणालं, "भाऊ सकायपाईन बठेल शे. एक पान बी पलटाडं नही."

मी आत गेलो. भाऊ त्याच्या कप्प्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी खांद्यावर हात ठेवला. काहीतरी गमतीचं बोलायचं मी एसटीत सगळी वाट ठरवत आलो होतो. तोंडून निघालं, "जेवला का?"

"चल," तो म्हणाला, "सामान आवरू."

पुस्तकं त्याने तिथंच वाटून टाकली. पोरांना लाज वाटत होती पण पुस्तकंही हवी होती. एक जण नोट्स छातीशी धरून उभा आणि डोळ्यात पाणी. दुसऱ्याने खोलीवर गादी गुंडाळायला मदत करता करता विचारलं, "सर, ते नळ आणि टाकीचं गणित, दोन नळ भरणारे आन् एक रिकामा करणारा, ते उलटं का धरता?" भावाने गादीवर गुडघा दाबून ठेवला, दोरी दातात धरली, आणि बोटाने हवेत त्याला गणित समजावलं. पोरगं म्हणालं, "हां, आते समजनं." मी बाजूला उभा राहून विचार करत होतो की हा माणूस नापास झालाय.

एसटीत तो म्हणाला, "माय-नानाईले मी सांगीन. तू तोंड बंद ठेव."

"माझं तोंड? बंद?"

"ठेव."

घरी आलो तर माय दारात. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा. नानांनी खुर्ची उपरण्याने झटकली. "या साहेब."

भाऊ बसला. त्याने तोंड उघडलं, मला दिसलं की आता सांगतोय. नाना म्हणाले, "यंदाचं जाऊ द्या. पुढची जायरात कधी हाये?"

भावाने त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली ताटाकडे पाहिलं. "येईल," म्हणाला.

त्या एका 'येईल'वर आमचं घर पुढचे कितीतरी दिवस चाललं. तो ओट्यावर खुर्चीत. येणारा-जाणारा "रामराम साहेब." पोस्टमन, शिक्षक, बकऱ्यावाली बाईसुद्धा. माय दुपारी चहा करून आणायची आणि पाय वाजू न देता परत जायची. त्याच्यासमोर पुस्तक उघडं नसलं तर तिला वाटायचं, मनात चालू असेल. एकदा त्याने अंगण झाडायला झाडू घेतला. मायने असा काही झाडू हिसकावला की जणू त्याच्या हातात साप आहे. "अरे देवा, लोकं पाह्यतीन ना!"

एका सकाळी केळीची कापणी होती. व्यापाऱ्याची टोळी आली. एक जण कोयत्याने घड कापतो, दुसरा खाली खांदा लावून तो घड झेलतो आणि गाडीपर्यंत नेतो. घड जमिनीला लागला नाही पाहिजे. लागला की फळाला मार बसतो, दोन दिवसांत काळं पडतं, आणि व्यापारी मग सगळ्याच मालाला डागी म्हणतो. म्हणून नेणारा माणूस गुडघे वाकवून चालतो, पाळण्यात पोर घेऊन चालावं तसा. आमच्या टोळीचा मुकादम बोलायला तिखट. त्याला वावरात पांढरा शर्ट येताना दिसला आणि तो ओरडला, "अरे सरका रे! साहेब इन्स्पेक्शनले आले!"

भाऊ आला तो सरळ केळीच्या ओळीत. "एक घड द्या माझ्या खांद्यावर."

कोयतेवाला नानांकडे पाहायला लागला. नाना बांधावर होते, त्यांना ऐकू गेलं नसावं. मी माझ्या खांद्यावरची गोणपाटाची घडी भावाच्या खांद्यावर ठेवली. सांगितलं, गुडघे वाकव, मान तिकडं कर, दांडा हाताने धर. त्याने अगदी नीट ऐकलं, विद्यार्थ्यासारखं. घड उतरला. पहिली चार पावलं बरी गेली. मला वाटलं, जमतंय की. मग ठिबकच्या नळीत पाय अडकला.

घड खाली आपटला. फण्या तुटून इकडे तिकडे गेल्या. भाऊ गुडघ्यावर, आणि दांड्याचा चीक त्याच्या शर्टावर, हातांवर, मानेवर.

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. मुकादमसुद्धा गप्प झाला. इतर कोणाच्या हातून पडला असता तर त्याने त्याच्या सात पिढ्या बाहेर काढल्या असत्या. तो वाकून फण्या गोळा करायला लागला, जणू त्याच्याच हातून पडलाय.

नाना पळत आले. तुटलेल्या घडाकडे त्यांनी पाहिलंही नाही. भावाचे हात धरले आणि उपरण्याने पुसायला लागले. चीक पुसून जात नाही हे माझ्या बापाला माहीत नाही का? तरी पुसत होते.

"राहू द्या साहेब. राहू द्या. हे तुमचं काम नाई."

भाऊ म्हणाला, "नाना, मले शिकवा."

नाना हसले. खरंच त्यांना ते गमतीचं वाटलं. टोळीकडे बघून म्हणाले, "ऐका. साहेब म्हणते मले शिकवा. मी अंगठ्यावाला माणूस, यवढ्या शिकेल माणसाले काय शिकवू?"

टोळी हसली. आता हसायला परवानगी मिळाली होती.

भाऊ उठून घरी गेला.

संध्याकाळी माय मोरीत त्याचा शर्ट घासत होती. लिंबू झालं, रॉकेल झालं, दगडावर आपटून झालं. घर फार शांत होतं आणि मला शांतता सहन होत नाही, लहानपणापासूनचा रोग आहे. मी मुकादमाची नक्कल सुरू केली. त्याची लुंगी वर करून थुंकायची पद्धत, मजुराला "ओ कलेक्टर, उचला" म्हणायची तऱ्हा. माय मोरीतूनच हसायला लागली. नाना हसले. मी जोरात आलो, व्यापारी केला, भाव पाडून दाखवला, पुन्हा मुकादम.

भाऊ खुर्चीत होता. म्हणाला, "माझी कर."

"तुझी?"

"हो. सगळ्यांची करतो. माझी कधी केली नाई."

"कर की," माय म्हणाली. तिला वाटलं, चला, साहेब मोकळे झाले.

मी उभा राहिलो. मान वाकवली, पुस्तक धरल्यासारखं केलं. पण तसा तर अभ्यासिकेतला कोणीही असतो. चालून दाखवावं तर तो घरात चालायचाच कुठे, बसलेला असायचा. मग मी आवाज शोधायला लागलो. नक्कल आवाजावर उभी राहते, आवाज सापडला की बाकीचं शरीर आपोआप येतं. मी आठवून आठवून पाहिलं की हा घरात काय बोलतो, कसं बोलतो, कुठं चढतो, कुठं अडतो. हो. बघू. येईल. दुसरं काही आठवेना. इतक्या वर्षांत घरात तो भांडला नव्हता, भाजीत मीठ कमी आहे असंसुद्धा म्हणाला नव्हता. साहेबाला शोभणार नाही असं तो काहीच बोलला नव्हता.

मी तसाच वाकलेला उभा राहिलो, तोंड उघडं. सगळे वाट बघत होते.

"बरोबर केली," भाऊ म्हणाला. "अशीच हाये."

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं की तो धुळ्याला चाललाय. मला खरं सांगितलं, अभ्यासिकेचा मालक म्हणालाय, उघडायचं-बंद करायचं बघ, पोरांना गणित शिकव, राहायला मागची खोली देतो. माय-नानांना म्हणाला, क्लास आहे. त्यांना ते ऐकून बरं वाटलं. माय लाडू वळायला बसली.

स्टँडवर आम्ही तिघं गेलो. बॅग नानांच्या खांद्यावर. नेहमी तशीच असायची, त्यात कोणाला काही वाटत नसे, गावालाही नाही. साठीच्या पुढचा माणूस, खांद्यावर पोराची बॅग, आणि मागे रिकाम्या हाताने पोरगा. गाडी यायला वेळ होता. भाजीच्या टोपल्या घेऊन बायका बसलेल्या, कॉलेजच्या पोरी, पानटपरीवाला.

"नाना, द्या ती बॅग इकडे," भाऊ म्हणाला.

"राहू द्या साहेब."

"द्या."

"जड हाये हो, लाडू घातले तुमच्या मायनं."

भावाने पट्टा धरला. नानांनी सोडला नाही. मला वाटलं आता हसतील दोघं. पण भाऊ ओढत होता आणि नाना धरून होते, आणि नानांना कळत नव्हतं की हे काय चाललंय. माझ्या भावाचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"नाना, वय संपलं माझं. फॉर्म भरता येत नाई आता. यंदा नाई, पुढच्या वर्षी नाई, कधीच नाई. मी साहेब नाई होणार. द्या ती बॅग."

टपरीवाल्याने पानाला चुना लावता लावता हात थांबवला. टोपलीवाली म्हातारी डोक्यावरचा पदर सारखा करत बसली. नाना भावाकडे बघत राहिले. पट्टा अजून त्यांच्याच मुठीत होता.

तेवढ्यात गाडी आली. सगळे उठले, गर्दी झाली, आणि नाना एकदम जागे झाल्यासारखे बॅग घेऊन गाडीच्या बाजूने पळाले. एसटीत जागा धरायची म्हणजे खिडकीतून आत काहीतरी टाकायचं, टोपी, रुमाल, पिशवी, ज्याची वस्तू त्याची जागा. नानांनी टाचा उंच करून ती जड बॅग खिडकीतून आत लोटली. मग पुन्हा दाराशी आले, दम लागलेला.

"मधली जागा हाये," म्हणाले. "चाकावरची नाई."

भाऊ त्यांच्या पाया पडला आणि चढला. गाडी वळून गेली. टपरीवाल्याने काही विचारू नये म्हणून मी त्याच्याकडे रागाने बघत होतो, पण त्याने विचारलंच नाही.

घराकडे येताना नाना पुढे, मी मागे. बकऱ्यांच्या गोठ्याजवळून आम्ही गेलो. मग म्हणाले, "वय कधी संपलं त्याचं?"

"निकाल लागला तेव्हाच."

ते थांबले. "म्हणजे घरी आला तवाच?"

"हो."

"आन् मी त्याले रोज..." ते तिथंच अडकले. मी मदत केली नाही. पुढचा शब्द मला माहीत होता, पण तो मी कोणत्या आवाजात म्हणणार?

दिवस मावळताना भावाचा फोन आला, पोचलो म्हणून. मायने सगळं विचारलं, लाडू फुटले का, खोलीत पंखा आहे का, मागे मोरी आहे का. तिला स्टँडवरचं आम्ही दोघांनी सांगितलं नव्हतं. मग मोरीत जाता जाता तिने फोन नानांच्या हातात दिला. "घ्या, बोला साहेबासंगे."

नानांनी फोन कानाला लावला. घसा साफ केला. मग फोन कानापासून लांब केला, त्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत माझ्या बापाने मला कधी सल्ला विचारला नव्हता.

"आता काय नावानं हाक मारू रे त्याले?"

"नाव हाये ना त्याले," मी म्हटलं. "तुम्हीच ठेवेल हाये."

त्यांनी मान हलवली. फोन पुन्हा कानाला लावला, तोंड उघडलं, आणि तसेच उभे राहिले. तिकडून भाऊ हॅलो, हॅलो करत होता. मायने मोरीतून विचारलं, लागत नाही का फोन?